घर बंद, मालक गावी: गोव्यात कुत्र्या-मांजरासाठी विश्वासू सिटर कसा शोधावा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की पणजी, वास्को, म्हापशाच्या सोसायट्या ओस पडायला लागतात. जो तो पेडण्याला, सत्तरीला, काणकोणला आपापल्या मूळ घरी निघतो. गणपती दीड दिवसाचा असो की अकरा दिवसांचा, मूळ घरात सोवळ्याचा स्वयंपाक असतो, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधलेली असते, पाहुण्यांची ये-जा असते आणि अंगणात पोरं फटाके लावत असतात. शिवाय वाड्यावरची कुत्री फ्लॅटमध्ये वाढलेल्या लॅब्रॅडॉरला गेटबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. मग त्याला ठेवायचं कुणाकडे? आणि नेमकी हीच अडचण असते, कारण तुमच्या इमारतीतला जो मुलगा एरवी हौसेनं कुत्रा फिरवतो, तोही चवथीला गावी गेलेला असतो.

म्हणून पहिली पायरी माणूस शोधण्याची नाही, कॅलेंडर उघडण्याची आहे.

कॅलेंडर आधी, माणूस नंतर

आपण वर्षातून कधी कधी बाहेर असतो ते लिहून काढा. चवथ, दिवाळी, मे महिन्यातली सुट्टी, कुणाचं लग्न, मुंबई-पुण्याच्या फेऱ्या. त्यापुढे त्या दिवसांत गोव्यात कोण मोकळं असतं ते लिहा. चवथीला हिंदू घरं रिकामी होतात, पण शेजारची ख्रिस्ती कुटुंबं घरीच असतात. नाताळात उलट होतं. शेजार चांगला असेल तर ही अदलाबदल सगळ्यात भरवशाची: चवथीला तुमचं मांजर त्यांनी बघायचं, नाताळात ते कुणाकडे गेले की त्यांचा कुत्रा तुम्ही. यात पैशांपेक्षा परतफेड चालते, आणि परतफेड करायची असली की माणूस हलगर्जीपणा करत नाही.

पैसे देऊन सिटर, म्हणजे जनावर सांभाळणारा माणूस, हवा असेल तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा सगळ्यात अवघड. पर्यटनाचा हंगाम भरात असतो, किनारपट्टीवर दर चढलेले असतात आणि चांगली माणसं आधीच बांधली गेलेली असतात. जून-जुलैत मात्र लोक मोकळे असतात. नवीन माणूस पारखायचा तर तो पावसाळ्याच्या सुरुवातीला पारखावा, चवथीच्या आठवड्यात नव्हे.

आणखी दोन रात्री लक्षात ठेवा. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे असतात, पहाटेपर्यंत डीजे वाजतो, मग फटाके. आणि ३१ डिसेंबरची रात्र. आवाजाला घाबरणारा कुत्रा या दोन रात्री नव्या माणसाच्या हाती देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाबरलेला कुत्रा कंपाउंडवरून उडी मारतो आणि मग अंधारात अनोळखी आवाजाच्या हाकेला येत नाही. त्या रात्री बाहेर असणं टाळता येत नसेल, तर ज्या माणसाच्या कुशीत तो आधी झोपलेला आहे अशाच माणसाकडे द्या.

नेमकं काय हवं आहे?

मांजर असेल तर बहुधा घरी येऊन जाणारा माणूस पुरतो. मांजराला माणसापेक्षा जागा प्यारी असते. त्याला परक्या घरी नेलं की ते कपाटामागे शिरतं आणि खाणं सोडतं. पण 'दोन दिवसांतून एकदा येऊन वाटी भरून जाईन' म्हणणारा नको. रोज एक फेरी तरी हवीच, शक्य तर दोन. मांजरानं दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच्या यकृताला इजा होऊ शकते, विशेषतः ते जाडजूड असेल तर. आणि बोका लिटर ट्रेमध्ये (शी-शूसाठी रेती घातलेल्या ट्रेमध्ये) बसून कुंथतोय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर ती त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची गोष्ट आहे. हे रोज पाहणारं कुणी नसेल तर कळणार कसं?

कुत्र्याचं वेगळं. तरणा, माणसाळलेला कुत्रा बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्रे ठेवून घेणाऱ्या जागी, राहू शकतो. म्हातारा, औषधांवरचा किंवा एकट्यानं न राहणारा असेल तर घरी मुक्कामाला येणारा माणूस हवा. बोर्डिंग निवडताना जागा स्वतः बघा, आणि पावसाळ्यात बघा. फरशी कोरडी आहे का, प्रत्येक कुत्र्याला वेगळं भांडं आहे का, रात्री तिथे माणूस झोपतो का. आणि लसीचं कार्ड मागतात का. कार्ड न बघता कुत्रा ठेवून घेणारं बोर्डिंग इतरांचेही कुत्रे तसेच ठेवून घेत असणार.

येणारा माणूस कुठून येणार तेही विचारा. दिवाडीला राहणाऱ्याला पणजीला यायचं तर फेरीबोट धरावी लागते. दिवसा ठीक आहे, पण रात्री अकरा वाजता कुत्र्याला उलट्या सुरू झाल्या तर? गोवा लहान आहे असं आपण म्हणतो खरं, पण जुलैच्या पावसात रात्री वाळपईहून म्हापसा काही जवळ वाटत नाही.

शोध कुठून सुरू करावा

तुमच्या व्हेटच्या दवाखान्यातून. पण डॉक्टरांना नंतर विचारा, आधी तिथल्या कंपाउंडरला किंवा मदतनिसाला विचारा. कोण कुत्र्याला वेळेवर आणतं, कोणाच्या हातात कुत्रा शांत राहतो, कोण दुसऱ्यांचे कुत्रे घेऊन येतं, हे त्याला तोंडपाठ असतं. तेवढीच माहिती ग्रूमिंग करणाऱ्यांकडे असते. तिसरी जागा म्हणजे भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात काम करणारे स्वयंसेवक. जो माणूस रविवारी सकाळी फुकटात पिंजरे धुतो, त्याला तुमच्या कुत्र्याची शी उचलायची किळस येणार नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप आणि इन्स्टाग्रामवरही भरपूर माणसं सापडतात. त्यातले बरेच जण हंगामापुरते गोव्यात आलेले असतात. माणसं चांगली असतात, प्रेमळ असतात, पण तुमच्या तारखांना ती गोव्यातच असतील का हे सरळ विचारून घ्या. भाड्याची मुदत संपली म्हणून आयत्या वेळी निघून गेलेला सिटर ही काही क्वचितची गोष्ट नाही.

भाषेचा मुद्दा छोटा वाटतो, पण लक्षात ठेवा. घरात कुत्र्याशी सगळे मराठीत-कोंकणीत बोलत असाल तर तो 'बस', 'नाका' (नको), 'हांगा यो' (इकडे ये) एवढंच ओळखतो. सिटर इंग्रजी किंवा हिंदी बोलणारा असेल तर हे दहा-बारा शब्द त्याला लिहून द्या आणि तुमच्यासमोर दोनदा म्हणायला लावा.

फोनवरची पारख

फोनवर तुम्ही काय विचारता यापेक्षा तो तुम्हाला काय विचारतो हे महत्त्वाचं. 'किती दिवस? किती देणार?' एवढ्यावर थांबणारा माणूस वाईट असेलच असं नाही, पण त्यानं अजून जनावराचा विचार सुरू केलेला नाही. 'नसबंदी झाली आहे का? रेबीजची लस कधी दिली? इतर कुत्र्यांना बघून ओढतो का? औषध गोळीतून देता की खाण्यातून? रात्री कुठे झोपतो?' असं जो आपणहून विचारतो, त्याला घरी बोलवा. माझ्या अनुभवात ही एक खूण कधी दगा देत नाही.

तुमच्या बाजूनं दोनच प्रश्न पुरे आहेत. सांभाळत असताना एखादं जनावर आजारी पडलं किंवा पळालं, असं कधी झालं का, आणि तेव्हा काय केलं? 'असं कधी झालंच नाही' हे उत्तर ऐकून मी सावध होतो. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्याच्या हातून एकदा तरी पट्टा सुटलेला असतो. दुसरा प्रश्न: त्याच दिवसांत आणखी किती घरं घेतली आहेत? नाताळात एकाच संध्याकाळी सहा घरं फिरणाऱ्या माणसाची तुमच्या घरची फेरी पाच मिनिटांची होते.

गेटवर काय बघायचं

पहिली भेट तुमच्या घरी ठेवा, आणि चहा-बिस्किटांच्या आधी गेटवरच लक्ष द्या. कुत्रा भुंकत धावतो. कच्चा माणूस तिथेच 'अले माझा शोन्या' करत वाकतो आणि थेट डोक्यावर हात ठेवायला जातो. जाणता माणूस थोडा आडवा उभा राहतो, कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघत नाही, हात खाली सोडून त्याला वास घेऊ देतो आणि तुमच्याशी बोलत राहतो. दोन मिनिटांनी कुत्राच त्याच्या पायाशी येऊन बसतो. आत येताना त्यानं गेटची कडी आपणहून लावली का, तेही बघा. गोव्यातली बहुतेक पळापळ तिथूनच सुरू होते: सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो, पाव घ्यायला कुणी गेट उघडतं आणि कुत्रा सायकलच्या मागे.

मग त्यालाच पट्टा बांधायला सांगा. हार्नेस उलटा-सुलटा करत बसला तरी चालेल, शिकवता येतं. पण कुत्र्यानं अंग चोरलं, गुरगुरला, आणि तरीही माणसानं जबरदस्ती केली, तर तिथेच थांबा. दारातूनच 'मी सगळ्या कुत्र्यांना सरळ करतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

आता कागद. आधार कार्ड बघा, सध्याचा पत्ता लिहून घ्या, आणि ज्यांच्याकडे त्यानं आधी काम केलं त्यांपैकी दोघांशी स्वतः बोला. 'चांगला आहे का?' असं विचारलं तर 'हो' एवढंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा 'त्याला परत बोलावलं का?' विचारा. समोरचा क्षणभर जरी थांबला तरी उत्तर मिळालं. अनोळखी माणूस घरात बरेच दिवस मुक्कामाला राहणार असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात पडताळणीबद्दल विचारून घ्या. सज्जन माणूस याचा राग धरत नाही.

रंगीत तालीम

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी आहे. आधी एक संध्याकाळ त्याच्यावर सोपवून तुम्ही पणजीत एखादं नाटक बघून या. मग एक पूर्ण रात्र द्या. त्या रात्री तुम्ही जवळच कुठेतरी नातेवाइकाकडे राहा, म्हणजे गरज पडली तर येता येईल. या तालमीचे पैसे पूर्ण द्या.

परत आल्यावर घर नको, जनावर बघा. पाण्याचं भांडं ताजं आहे का? कुत्रा दारात नेहमीसारखा आला, की अंग चोरून? ट्रे साफ आहे, की वरवर रेती पसरलेली? आणि सिटरनं स्वतःहून काही सांगितलं का? 'सकाळी अर्धंच जेवला, मग दहा वाजता उरलेलं संपवलं' असं बारीक सांगणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. 'सगळं मस्त' म्हणणाऱ्याला खोदून विचारा.

एक कागद, फ्रिजवर लावलेला

फोनमध्ये पाठवलेला लांबलचक मेसेज पावसात वीज गेल्यावर कुणी शोधत बसत नाही. कागदावर लिहा, मोठ्या अक्षरात. खाण्याच्या वेळा आणि माप, तेही तुमच्याच वाटीनं. औषधं. नेहमीच्या व्हेटचा नंबर, आणि रात्री कोण येतं किंवा कुठला दवाखाना उघडा असतो त्याचा नंबर. हे तुम्ही आधी फोन करून पक्कं करून ठेवायचं. पणजीजवळ टोंक आणि मडगावजवळ सोनसोडो इथे सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयं आहेत. तिथल्या वेळाही विचारून लिहून ठेवा. त्याच फोनमध्ये एक प्रश्न जोडा: सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन तुमच्याकडे असतं का? पावसाळ्यात घोणस, नाग, मण्यार, फुरसं अंगणात येतात, आणि वाकून बघायला पहिला जातो तो कुत्रा. साप चावल्याचा संशय असेल तर आवळपट्टी बांधणं, जखम कापणं असले उद्योग न करता त्याला शक्य तितकं न हलवता, उचलून थेट दवाखान्यात न्यायचं, हे कागदावर ठळक लिहा.

त्याखाली गोव्याच्या घरातले ठरलेले धोके. पावसाळी बेडूक-भेक तोंडात धरून कुत्र्याच्या तोंडाला फेस आला तर ओल्या फडक्यानं हिरड्या-जीभ पुसायची, पाण्याची धार बाजूनं सोडायची, घशात नाही, आणि डॉक्टरांना फोन करायचा. साचलेल्या पाण्यातून चालवायचं नाही, कारण उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही होतो. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. मे महिन्यात दुपारी डांबरावर फिरवायचं नाही. माशांचे काटे, कांदा, मनुका, चॉकलेट नाही. चवथीच्या करंज्या-नेवऱ्या शेजाऱ्यांनी प्रेमानं आणल्या तरी नाहीत, कारण सारणात मनुका असू शकतात.

कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर आणखी एक ओळ, लाल पेनानं. गोचिडीसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. मांजरासाठी ते विष आहे. चांगल्या मनाचा सिटर 'उरलं होतं म्हणून मांजरालाही लावलं' म्हणतो, आणि काही तासांत मांजर थरथरायला लागतं. तीच गोष्ट तापाच्या गोळीची. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनंही मांजर जाऊ शकतं. घरातली ही औषधं निघण्यापूर्वी कुलपात ठेवा.

शेवटी सही करून एक परवानगी द्या: तुम्ही फोनवर सापडला नाहीत तर किती रुपयांपर्यंतचे उपचार सिटरनं स्वतःच्या निर्णयानं करून घ्यायचे, आणि त्यापुढे कुणाला विचारायचं. जनावर म्हातारं असेल तर सगळ्यात वाईट वेळी निर्णय कोण घेणार तेही लिहा. लिहिताना जड जातं, पण लिहिलेलं नसलं तर ते ओझं परक्या माणसावर पडतं.

कुत्रा चावला तर

सिटरला किंवा रस्त्यावरच्या कुणाला तुमचा कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. कुत्र्याला लस दिलेली असली तरी हे टाळायचं नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारनं गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, त्यामागे कुत्र्यांच्या घरोघर लसीकरणाची मोठी मोहीम होती. म्हणून आपल्या कुत्र्याची लस चुकवायची असं नव्हे. लसीचं कार्ड कागदाशेजारीच टाचून ठेवा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'ताब्यातल्या' हा शब्द तुमच्या गैरहजेरीत सिटरला लागू शकतो. म्हणून कुत्रा चावरा असेल तर ते लपवू नका. लपवून नेमलेला सिटर फसवलेला असतो.

घर आणि पैसा

किल्ली तुळशीवृंदावनाखाली किंवा बाल्कांवातल्या कुंडीत ठेवायची सवय सोडा. अख्ख्या वाड्याला ती माहीत असते. एक किल्ली सिटरकडे, एक शेजाऱ्याकडे, आणि दोघांकडे एकमेकांचे नंबर. विहिरीवर जाळी आहे का, कंपाउंडच्या भिंतीला पडझड आहे का, ते बघून घ्या. घरात कॅमेरा असेल तर सांगा, आणि तो झोपायच्या खोलीत ठेवू नका. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट गेलं की कॅमेरा बंद पडतो. लगेच सिटरवर संशय घेऊ नका.

देवासमोर रोज दिवा लावायला सिटरला सांगायचं का? मी तरी सांगत नाही. तेलाचा दिवा, पडदा आणि फिरतं मांजर एकाच खोलीत नकोत. झाडांना पाणी घालणं, पार्सल घेणं ही वेगळी कामं आहेत. ती हवी असतील तर वेगळे पैसे ठरवा.

मानधन ठरवताना बाजारापेक्षा फारच स्वस्त मिळालं तर खूश होण्याआधी कारण विचारा. निम्मे आधी, निम्मे परतल्यावर, हे दोघांनाही परवडतं. उपचारासाठी काही रक्कम वेगळी द्या, पावती मागा, उरले तर परत घ्या. सणाच्या दिवशी काम करणाऱ्याला जास्त देणं हे उपकार नव्हे.

तुम्ही गावी असताना

रोज एक व्हिडिओ ठरवा, फोटो नाही. फोटो कालचाही असतो. व्हिडिओत जनावर चालताना दिसलं पाहिजे. शी कशी होती हे विचारायला लाजू नका, आजाराची पहिली खबर तिथूनच येते. दिवसातून सात वेळा फोन करू नका. आरती चालू असताना आलेला सिटरचा फोन मात्र उचला. कुत्रा पळाला तर पहिल्या तासात काय करायचं तेही आधी ठरवून ठेवा: सिटरनं आधी शेजाऱ्यांना हाक द्यायची, मग जवळच्या पेट ग्रुपवर फोटो टाकायचा, तुमचा घातलेला न धुतलेला कपडा गेटजवळ ठेवायचा आणि गेट उघडं ठेवायचं.

परत आलात की सगळं अंग चाचपून गोचिडी बघा: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती किंवा हिरड्या फिकट दिसल्या तर व्हेटला 'सिटरकडे होता' हे सांगा, रक्त तपासायचं की नाही हे ते ठरवतील. उरलेले पैसे त्याच दिवशी द्या. किल्ली परत मागायची की त्याच्याकडेच राहू द्यायची, हे तोपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल.